ऑपरेशन झाले, पण पिशवीचे तोंड तपासले का?

(प्राथमिक आरोग्य केंद्रात भरलेल्या महिला मेळाव्यात महिला वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

माझ्या माताभगिनींनो, आणि पाठीमागे दाराशी उभ्या राहिलेल्या बंधूंनो! आत या, बसून घ्या. तुमच्याशीही बोलायचं आहे.

आधी एक प्रश्न विचारते. इथं बसलेल्यांपैकी किती जणींचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे? हात वर करा, लाजायचं काही कारण नाही. हे पत्रक घरी वाचणाऱ्या भगिनीनेही मनातल्या मनात हात वर करावा. छान. आता दुसरा प्रश्न. ऑपरेशनचे टाके काढून घरी गेल्यानंतर तुमच्यापैकी किती जणी स्वतःसाठी दवाखान्यात आल्या? पोराच्या डोससाठी नव्हे, सासूबाईंच्या गुडघ्यासाठी नव्हे, स्वतःच्या तपासणीसाठी?

बघा, हात खाली गेले.

यात तुमची एकटीची चूक नाही. ऑपरेशनच्या टेबलावरून उठवताना आम्हीच बाईला म्हणतो, "सुटलीस गं बाई." मीसुद्धा कितीतरी जणींना असं म्हटलं आहे. बाळंतपणातून ती सुटली हे खरं; पण तिला वाटतं, आपण दवाखान्यातूनच सुटलो. ऐन तारुण्यात ऑपरेशन होतं आणि पुढची तीस-चाळीस वर्षं ती आमच्या दाराशी फिरकत नाही. आज ज्या आजाराविषयी मी बोलणार आहे, तो नेमका याच वर्षांत गुपचूप वाढतो.

हा आजार म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर. आपल्या बोलीत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. येत्या 17 नोव्हेंबरला सगळ्या जगात याच आजाराचा दिवस पाळला जाईल. 2020 साली याच तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने हा कॅन्सर हटवण्याची मोहीम सुरू केली आणि 2025 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने हा दिवस दरवर्षी त्यासाठी राखून ठेवला. पुढे जानेवारीचा महिना याच आजाराच्या माहितीचा, आणि 4 फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन. त्या दिवसांत मोठमोठ्या शहरांतल्या इमारतींवर मोरपंखी दिवे लावतात. आपल्या केंद्रावर दिवे लावायचे की नाही ते सरपंचांनी ठरवावं. मला एक टेबल, एक पडदा आणि तुम्ही, एवढं मिळालं म्हणजे पुरे.

हा आजार किती मोठा आहे तेही ऐका. 2022 या एका वर्षात आपल्या देशात सुमारे 1 लाख 27 हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळजवळ 80 हजार बायका त्याने दगावल्या. हिशेब केला तर तासाला नऊ. आणि हा असा कॅन्सर आहे की ज्याचं कारण माहीत आहे, ज्यावर लस आहे, आणि जो होण्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी डोळ्यांना दिसू शकतो. असं फार थोड्या कॅन्सरबद्दल म्हणता येतं.

आता तुम्ही म्हणाल, "डॉक्टरीणबाई, आमचं तर ऑपरेशन झालंय, आम्हाला काय भीती?" हाच गैरसमज मला काढायचा आहे. ऑपरेशनमध्ये आम्ही काय करतो? पिशवीच्या दोन्ही बाजूंना ज्या नळ्या असतात, त्या बांधतो. बीज पिशवीत येऊ नये, एवढंच ते काम. पिशवी जागच्या जागी असते, तिचं तोंडही जागच्या जागी असतं. पाट अडवला म्हणून विहिरीचं तोंड काही बुजत नाही. तिथं कचरा पडायचा तो पडतोच.

हा कचरा म्हणजे एक विषाणू. त्याचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस; थोडक्यात एचपीव्ही म्हणतात. या कॅन्सरच्या मुळाशी हा विषाणू आहे हे जर्मनीच्या हॅराल्ड त्सुर हाउसेन या शास्त्रज्ञांनी दाखवलं, त्याबद्दल त्यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळालं. विषाणू नवराबायकोच्या संबंधातून येतो. संसारी माणसांपैकी बहुतेकांना तो कधी ना कधी लागतो, आणि बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. थोड्या बायकांच्या बाबतीत मात्र तो मुक्काम ठोकतो. तिथल्या पेशी बिघडू लागतात. बिघडलेल्या पेशींचा कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. एचआयव्हीची लागण असेल, तर 5 ते 10 वर्षांतच होऊ शकतो.

बंधूंनो, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. बाईच्या तपासणीत एचपीव्ही सापडला म्हणून घरात संशय घेऊन भांडण काढू नका. पुरुषाच्या अंगात हा विषाणू कोणताही त्रास न देता राहू शकतो. कोणाकडून कोणाला, आणि किती वर्षांपूर्वी आला, ते कोणत्याही चाचणीत कळत नाही. मग बाईलाच दोष कशासाठी द्यायचा?

धोका कोणाला जास्त? लहान वयात लग्न झालेल्या, पुष्कळ बाळंतपणं झालेल्या, बिडी-सिगारेट ओढणाऱ्या, अंगातली प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बायकांना. अठराच्या आत मुलीचं लग्न करू नका, दोन मुलांवर थांबा, हे आमचं जुनंच सांगणं आहे. त्याला हे आणखी एक कारण. तांबीबद्दलही सांगून टाकते. तांबी बसवली की कॅन्सर होतो, असं काही बायका एकमेकींना सांगतात. तसं नाही. गोळ्यांचं मात्र खरं ते सांगते: माला-डीसारख्या गोळ्या पाच वर्षांहून अधिक काळ घेतल्या तर या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. म्हणून घाबरून गोळ्या बंद करू नका, नाहीतर नको असताना दिवस जातील. तपासणी तेवढी चुकवू नका. आणि निरोध वापरल्याने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता एका बाईची गोष्ट सांगते. तिचं नाव, गाव सांगत नाही. पन्नाशी उलटलेली, पाळी जाऊन चार वर्षं झालेली. एके दिवशी अंगावर थोडं लाल दिसलं. तिला वाटलं, उष्णता झाली असेल. मग मधूनमधून दिसू लागलं. पांढरं जाऊ लागलं, त्याला घाण वास. घरात दोन सुना, जावई येणं-जाणं. सांगायचं कोणाला? जुन्या लुगड्याचे तुकडे वापरायची आणि मागच्या ओढ्यावर धुऊन आणायची. असे आठ-नऊ महिने काढले. कंबर इतकी दुखू लागली की बसवेना, तेव्हा मुलाने गाडीत घालून आणली. मी तपासलं, आणि तपासता तपासताच मला कळलं की आता आपल्या हातात फार थोडं उरलं आहे. पुढे पाठवली, विजेचे शेक दिले. पण ती राहिली नाही. जाण्याआधी मला म्हणाली, "बाई, माझं तर पंचवीस वर्षांमागं तुमच्याच शिबिरात ऑपरेशन झालं होतं. तेव्हा कोणी काही बोललं नाही." यावर मी काय उत्तर देणार?

हा झाला एक मार्ग, अंगावर काढण्याचा.

दुसरा मार्ग याच्या अगदी उलटा, पण तोही घातकच. थोडं पांढरं गेलं, ओटीपोट दुखलं, की कोणीतरी सांगतं, "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाका." आणि तिशी-पस्तिशीची बाई कर्ज काढून पिशवी काढून मोकळी होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार भगिनींचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. 2019 साली राज्य शासनाच्या समितीने तिथं पाहणी केली. सुमारे 82 हजार बायकांची माहिती घेतली, त्यांत 13 हजारांहून अधिक बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीच्या दिवसांत फडावर खाडा पडतो, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, शौचाची-आंघोळीची सोय नाही, त्यात कॅन्सरची भीती घातलेली. बाई काय करील? पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं असतं आणि ते औषधाने बरं होतं. त्यासाठी पिशवी काढायची नसते. कमी वयात पिशवी, आणि तिच्याबरोबर अंडाशय काढले, तर हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, काम होत नाही. कोणी पिशवी काढायला सांगितलं तर सही करण्याआधी तपासणीचा कागद मागा आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला दाखवा. यात कोणाचा अपमान होत नाही.

अंगावर काढायचं नाही, आणि घाबरून पिशवीही काढायची नाही. मग करायचं काय? काही दुखत नसताना तपासून घ्यायचं.

तपासणी कशी असते ते सांगते, म्हणजे भीती जाईल. पडद्यामागे टेबलावर निजायचं. नर्सताई किंवा मी एका छोट्या उपकरणाने पिशवीचं तोंड पाहतो. तांबी बसवताना वापरतात तेच उपकरण, ज्यांनी तांबी बसवली आहे त्यांना ठाऊक आहे. मग कापसाच्या बोळ्याने तिथं पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड लावायचं. ॲसिड म्हटल्यावर दचकू नका. खाण्याच्या व्हिनेगरमध्ये असतं तेच हे. थोडं चुरचुरतं. एक मिनिट थांबायचं. जिथं पेशी बिघडल्या असतील तिथं पांढरा डाग उठतो. डाग नसेल तर साडी नीट करून घरी जायचं. सगळं पाच-दहा मिनिटांचं काम. डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं मुळीच नाही, हे मी तीनतीनदा सांगते, कारण डाग म्हटलं की बायका रडायला लागतात. डाग दिसला तर दुर्बिणीतून पाहायचं, आणि गरज पडली तर तेवढीच जागा थंडाव्याने गोठवून किंवा उष्णता देऊन साफ करायची. पिशवी काढायची नाही, पोट फाडायचं नाही.

याहून अचूक तपासणी म्हणजे एचपीव्हीची चाचणी. तिथला स्राव घेऊन त्यात विषाणू आहे का ते पाहतात. या चाचणीचा सगळ्या जगाला पटलेला पुरावा कुठून आला, ठाऊक आहे? अमेरिकेतून नाही, लंडनहून नाही. आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातून, ज्याला आता धाराशिव म्हणतात. 1999 साली बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या, मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या आणि परदेशी संशोधकांच्या मंडळींनी तिथं काम सुरू केलं. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार 746 बायका. खेड्यांचे 52 गट पाडले. काही गटांत एचपीव्हीची चाचणी, काहींत पेशींची, काहींत ॲसेटिक ॲसिडची, आणि काही गटांत नेहमीप्रमाणे फक्त माहिती. आठ वर्षांनी हिशेब मांडला. ज्या गटात एकदाच, आयुष्यात फक्त एकदा, एचपीव्हीची चाचणी झाली होती, तिथं या कॅन्सरने 34 बायका दगावल्या. ज्या गटात तपासणी नव्हती, तिथं 64. गट जवळपास सारख्याच आकाराचे. 2009 साली हा निकाल प्रसिद्ध झाला आणि देशोदेशीच्या डॉक्टरांनी तो वाचला. तपासणी न झालेल्या त्या बायकांबद्दल पुढे टीकाही झाली, आणि मला विचाराल तर ती अगदीच गैर नव्हती. पण त्या माउल्यांमुळे जे कळलं, त्याचा फायदा आपणच घेतला नाही तर ते त्याहून वाईट.

एक गोष्ट लपवत नाही. त्याच अभ्यासात ॲसेटिक ॲसिडची तपासणी एकदाच करून मृत्यूंत ठळक फरक पडला नव्हता. मुंबईत मात्र 1998 पासून झोपडपट्ट्यांतून दहावीपर्यंत शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा हीच तपासणी केली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे एकदा येऊन "झालं बाई" म्हणून चालणार नाही. तीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकीने यावं, आणि निदान पाच वर्षांतून एकदा पुन्हा यावं, पासष्टीपर्यंत. एचपीव्हीच्या चाचणीची सोय जिथं असेल तिथं ती करून घ्यावी.

देशभरात काय स्थिती आहे? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांना विचारलं, तेव्हा शंभरात दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती, 1.9 टक्के. जगाने मात्र 2030 पर्यंत सत्तर टक्के बायकांची तपासणी करायचं ठरवलं आहे. पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा एकदा. शिवाय पंधरा वर्षांच्या आतल्या नव्वद टक्के मुलींना लस, आणि आजार सापडलेल्या नव्वद टक्के बायकांना उपचार.

लसीचं आता सांगते. मुलींच्या आयांनी नीट ऐका. ही लस 9 ते 14 वर्षांच्या मुलींना द्यायची, म्हणजे विषाणू अंगात येण्याच्या आधी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली लस 2023 साली बाजारात आली. या वयाच्या मुलींना एक डोसही पुरेल असं जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली सांगितलं, आणि त्यामागे भारतातल्या मुलींचाही अभ्यास आहे, बार्शीच्या केंद्रातल्यासुद्धा. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्यात या कॅन्सरची एकही केस सापडली नाही, असं 2024 साली जाहीर झालं. रवांडा हा आफ्रिकेतला लहानसा, गरीब देश. त्याने 2011 सालीच देशभर ही लस सुरू केली.

"लस दिली की मुलीला मूल होत नाही" असं तुमच्या कानावर येईल. ते खोटं आहे. जगभर कोट्यवधी मुलींनी ही लस घेतली आहे. आणखी एक ऐकाल, की आंध्र आणि गुजरातमध्ये लसीने मुली मेल्या. 2010 साली तिथला लसीचा एक प्रकल्प थांबवला होता हे खरं. चौकशी झाली, त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण आईबापांची संमती नीट घेतली नव्हती, हे मात्र चौकशीत दिसलं, आणि ती चूक होती. 1976 साली नसबंदीची सक्ती झाली, तिची आठवणही अजून घराघरांत आहे, आम्ही ती विसरलेलो नाही. म्हणून सांगते, लस देण्याआधी विचारा. काय टोचताय, कशासाठी, ताप येईल का, दंड दुखेल का? उत्तर देणं आमचं काम आहे. ताप आणि दंडदुखी येते, एक-दोन दिवसांत जाते. मुलीने उपाशी पोटी येऊ नये, आणि टोचल्यावर अर्धा तास बसून राहावं. आणि लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच.

सासूबाईंना एक विनंती. सुनेला तपासायला पाठवाल तेव्हा तुम्हीही बरोबर या. गावात मी पाहिलंय, सून एकटी निघाली की "कशाला?" विचारतात, दोघी मिळून निघाल्या की कोणी विचारत नाही. बंधूंनो, तुम्ही त्या दिवशी पोरं सांभाळा, दुपारची भाकरी एक दिवस तुमच्या हातची होऊ द्या. मोटरसायकलवरून केंद्रापर्यंत सोडलंत तर आणखी चांगलं.

संबंधानंतर रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसणं, घाण वासाचं पांढरं जाणं, यांतलं काहीही असेल तर मेळाव्याची, तारखेची वाट पाहू नका. उद्याच या. वय तिशीच्या आत असलं तरी या.

बाकीच्यांनी आशाताईंकडे नाव नोंदवावं. तपासणी 17 नोव्हेंबरला केंद्रात, सकाळी नऊपासून. तपासणारी बाईच असेल, पडदा असेल, आत एका वेळी एकच. पैसे लागणार नाहीत. उपाशी यायची गरज नाही, भाकरी खाऊन या. आदल्या दोन दिवशी संबंध टाळा आणि आत कोणतं औषध ठेवू नका. दिवस गेले असतील तर आधी सांगा. त्याच दिवशी तोंड आणि छातीही पाहू, रक्तदाब आणि साखरही मोजू; मिश्री लावणाऱ्यांनी तोंड दाखवल्याशिवाय जाऊ नये. ज्यांची त्या दिवशी पाळी चालू असेल त्यांनी खट्टू होऊ नये. पुढच्या आठवड्यात केव्हाही या, टेबल आणि पडदा इथंच आहे.